वेस गेली, नाव राहिले

आम्हां केळापूरकरांची राजधानी ही मोठी फिरती वस्तू आहे. इतरांच्या राजधान्या पिढ्यान् पिढ्या एका जागी नांदतात. आमची मात्र सारखी बिऱ्हाड बदलत आली. वऱ्हाड निजामाचे होते तेव्हा आमचे डोळे हैदराबादकडे. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कर्जापोटी शेत जाते हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते; पण कर्जापोटी अख्खा मुलूख गेल्याचे हे उदाहरण आम्ही पुस्तकात वाचले आणि आमच्या दारिद्र्याला उगीचच एक ऐतिहासिक प्रतिष्ठा आल्यासारखे वाटले! पुढे १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि राजधानी नागपूरला आली. ती त्यातल्या त्यात जवळ. सकाळी निघावे, काम आटोपावे, रात्री घरी येऊन ज्वारीची भाकरी खावी. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि राजधानी एकदम समुद्राकाठी जाऊन बसली. ज्या गावाने समुद्र फक्त भूगोलाच्या नकाशात निळ्या रंगाने पाहिला, त्याची राजधानी भरती-ओहोटीच्या गावी!

नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, ही गोष्टही आम्हांला नवी नाही. तालुक्याचे नाव केळापूर. पण तालुक्याच्या कचेऱ्या पांढरकवड्याला. आमच्या वाट्याला जगदंबेचे देऊळ, नवरात्रातली गर्दी आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचे नाव एवढे राहिले. तेव्हा मुंबईतले ‘चर्चगेट’ हे नाव माझ्या मनात घर करून बसले, तर त्यात नवल नाही. रोज लाखो माणसे या नावाच्या स्टेशनात उतरतात. तिथे गेट नाही. आणि ज्या चर्चमुळे हे नाव पडले, ते चर्चही स्टेशनाच्या आसपास कुठे दिसत नाही. नाव स्टेशनाला आणि देऊळ भलतीकडे. म्हणजे आमच्याच जातकुळीची गोष्ट!

एका कादंबरीच्या कामासाठी मुंबईला जाणे झाले, तेव्हा मी हे चर्च पायी शोधायचे ठरवले. प्रकाशकांनी दुपारी चारला बोलावले होते आणि सकाळचे दहा वाजले होते. खेड्यातल्या माणसाला मुंबईत वेळ फार मिळतो, कारण तो प्रत्येक ठिकाणी तीन तास आधी पोचतो. स्टेशनाबाहेर दोघातिघांना विचारले, “चर्चगेटचे चर्च कुठे आले?” एकाने समुद्राकडे बोट दाखवले, दुसऱ्याने घड्याळाकडे पाहिले. तिसरा एक पांढऱ्या मिशांचा पानवाला होता. तो म्हणाला, “सरळ पूर्वेला जा, गुरुजी. हुतात्मा चौक ओलांडा आणि नाक न वळवता चालत राहा.” मी गुरुजी आहे हे त्याने कशावरून ओळखले कोण जाणे! बहुधा चपलेवरून असावे.

वीर नरिमन रस्ता म्हणजेच जुना चर्चगेट स्ट्रीट. पंधरा-वीस मिनिटांची वाट. मध्ये हुतात्मा चौक लागतो. तिथला फ्लोरा फाउंटन १८६४ साली उभा राहिला, आणि तो जिथे आहे तिथेच जुन्या किल्ल्याची ती वेस होती. मुंबईच्या कोटाला मुख्य दरवाजे तीन : अपोलो गेट, बाजार गेट आणि हे चर्चगेट. आत शिरून सरळ गेले की चर्च, म्हणून हा चर्चचा दरवाजा. आपल्याकडे अचलपूरच्या वाटेवरची वेस ती अचलपूर वेस, तसेच हे. १८६२ पासून गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या कारकिर्दीत कोट पाडायला सुरुवात झाली आणि वेस गेली. नाव मात्र पश्चिमेकडे चालत चालत रेल्वेच्या स्टेशनावर जाऊन बसले. त्याच चौकात १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळ्यांना सामोरी गेली. ती गेली म्हणून ही मुंबई आमची राजधानी झाली. मी तिथे क्षणभर टोपी काढून उभा राहिलो. मागून येणाऱ्या माणसांचा लोंढा माझ्या दोन्ही बाजूंनी, ओढ्याच्या पाण्याने दगडाला वळसा घालून जावे तसा, निघून गेला.

आणि मग ते दिसले. सेंट थॉमस कॅथीड्रल. आजूबाजूला बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या भल्याथोरल्या इमारती. त्यांच्यात हे फिकट रंगाचे, मनोऱ्याचे, अंगापिंडाने सोज्वळ असे देऊळ उभे आहे. घरातल्या कर्त्या मुलांनी माड्या बांधाव्यात आणि आजीने आपल्या जुन्याच खोलीत राहावे, तसे. चर्च आणि कॅथीड्रल यांत फरक काय, असे वाचक विचारतील. ज्या चर्चमध्ये बिशपाचे, म्हणजे त्या मुलखाच्या मुख्य धर्माधिकाऱ्याचे आसन असते, ते कॅथीड्रल. मोठेपणाचा याच्याशी संबंध नाही, आसनाचा आहे. हे चर्च १७१८ सालचे, पण कॅथीड्रल झाले ते १८३७ साली, टॉमस कार हा मुंबईचा पहिला बिशप नेमला गेला तेव्हा.

इमारतीचा जन्म मात्र त्याहून जुना, आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या समाजमंदिराची आठवण करून देणारा आहे. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती १६६८ साली आले. गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याने १६७६ च्या सुमारास चर्चचे काम हाती घेतले. १६७७ साली तो वारला आणि काम थांबले. पुरुषभर-दोन पुरुष उंचीच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्या तशाच सुमारे चाळीस वर्षे पावसात भिजत राहिल्या. त्या चाळीस वर्षांत मुंबईवर काय काय गुजरले! १६८९ साली जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने बेटाला वेढा घातला. तापाच्या साथींनी माणसे पटापट मरत. दोन पावसाळे हेच इथले माणसाचे आयुष्य, अशी म्हणच त्या वेळी गोऱ्या लोकांत पडली होती. अशा गावात देऊळ कोण पुरे करणार? १७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्याने व्यासपीठावरून लोकांना लाज आणली, वर्गणी जमवली, गव्हर्नर चार्ल्स बून याचे पाठबळ मिळवले, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. काम अडले की गावोगाव असा एखादा कॉब लागतो. तो सरकारी आराखड्यात कधी नसतो.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हा लेखप्रपंच. त्या नाताळच्या दिवशी चर्चच्या दाराशी एक माणूस उभा होता. गोरा नव्हे, आपला. रामाजी कामती हे त्याचे नाव. मुंबईतला बडा सावकार, कंपनीच्या भंडारी शिपायांचा सरदार, आणि वाळकेश्वरचे देऊळ १७१५ च्या सुमारास ज्याने पुन्हा बांधून काढले तो. कॉब पाद्र्याने त्या दिवसाचे वर्णन लिहून ठेवले आहे. रामाजी आपल्या सगळ्या जातभाईंना घेऊन आला होता आणि ते सारे संपूर्ण उपासना होईपर्यंत उभे राहिले. तिथली शिस्त त्यांना फार आवडली, असे तो सांगतो. मला हे चित्र फार मोठे वाटते. नुकतेच स्वतःच्या देवाचे देऊळ बांधून झालेला माणूस दुसऱ्याच्या देवाच्या घरभरणीला आपण होऊन येतो, आणि न कळणाऱ्या भाषेतली प्रार्थना शेवटपर्यंत उभ्याने ऐकतो! आपल्याकडे शेजाऱ्याच्या घरी सत्यनारायण असला की आपण जातो. प्रसाद घेऊन येतो. कोणता देव, कोणती पोथी असले विचारीत बसत नाही. रामाजीने तेच केले. यापलीकडे धर्मसहिष्णुता म्हणून काही वेगळी असते, असे मला वाटत नाही.

आणि त्या माणसाचे पुढे काय झाले? त्या नाताळच्या महिनाभर आधीच, १७१८ च्या नोव्हेंबरात, बूनच्या आरमाराने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर चढाई केली होती आणि ती फसली होती. अपयशाला एक माणूस लागतो. १७२० साली रामाजीला पकडले. कान्होजीशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप. पुरावा म्हणून पत्रे पुढे आली. आणि साक्ष काढण्यासाठी नोकराचे अंगठे चापात पिळले गेले. रामाजीला जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ साली तो तुरुंगातच वारला. ती पत्रे बनावट होती, हे पुढे इतिहासकारांनी दाखवले. तोपर्यंत रामाजीची राखही समुद्रात मिसळून गेली होती. ज्या बूनच्या कारकिर्दीत दार उघडले, त्याच बूनने दाराशी उभ्या राहिलेल्या पाहुण्याला गजाआड घातले. कादंबरीत मी हे लिहिले असते तर समीक्षकांनी “योगायोग फार ताणला आहे” म्हणून कान धरला असता!

हे मनात घोळवीत मी पश्चिमेच्या दाराने आत गेलो. बाहेरचा मनोरा १८३८ चा. त्यापूर्वी तिथे साधे घंटाघर होते. आत गेल्याबरोबर उन्हाचा आणि मोटारींचा आवाज जणू कोणीतरी झाकण लावून बंद केला. जाड भिंती, जाड खांब, त्यांवर कमानी, मधोमध लांबलचक मोकळी जागा आणि दोन्ही अंगांना पडव्या. छत असे भक्कम बांधले होते की तोफेच्या गोळ्याने फुटू नये, असे सांगतात. त्या काळी देवळालाही तोफेची भीती होती. बेटावर मोठी इमारत म्हणजे प्रसंगी किल्लाच.

मला राहून राहून आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण होत होती. आमच्या जिल्ह्यात ती जागोजाग आहेत. आपल्या देवळात जसजसे आत जावे तसतसा अंधार वाढतो : सभामंडपात सावली, अंतराळात अंधुक, गाभाऱ्यात एका समईचा उजेड. देव आपल्याला अंधारात भेटतो, आणि एकेकट्याला भेटतो. इथे उलट. जसजसे पुढे जावे तसतसा उजेड वाढतो, आणि शेवटी वेदीमागे रंगीत काचांच्या उंच खिडक्यांतून लाल-निळा प्रकाश झिरपतो. हा पूर्वेकडचा भाग १८६५ च्या सुमारास नव्याने बांधला गेला, म्हणून त्याचा घाट टोकदार कमानींचा, गॉथिक. बाकीचा जुना भाग साधा आणि बसका. आणखी एक गंमत. आपल्या देवळात देव बहुधा पूर्वेकडे तोंड करून असतो, म्हणून दर्शन घेताना आपली पाठ उगवतीला. इथे वेदीच पूर्वेला, म्हणून सगळ्या भक्तांची तोंडे उगवतीला. दोघांनाही सूर्य हवाच आहे. कोणी तो देवाच्या तोंडावर घेतो, कोणी आपल्या.

भिंतींवर जिकडे तिकडे संगमरवर आणि पितळी पाट्या. मेलेल्यांची नावे. जोनाथन डंकन हा १७९५ पासून सोळा वर्षे मुंबईचा गव्हर्नर होता. १८११ साली इथेच वारला. काशी आणि काठेवाड या भागांत जन्मतः मुली मारण्याची चाल बंद पाडण्यासाठी तो झटला, आणि त्याच्या स्मारकावर त्याचा उल्लेख आहे. ते वाचताना मला त्या संगमरवराबद्दल एकाएकी आपलेपणा वाटला. जवळच कॅप्टन हार्डिंज नावाच्या आरमारी अधिकाऱ्याचे स्मारक. १८०८ साली सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच जहाजाशी लढताना पडला, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. आणि अशा कितीतरी पाट्या : कोणी बावीस वर्षांचा, कोणी बाळंतपणात गेलेली, कोणी तापाने. राज्य करायला आलेल्या माणसांच्या मुलाबाळांची वये वाचली की राज्याचा राग धरवत नाही, आणि सोडवतही नाही.

मी पाट्या वाचतो आहे हे पाहून तिथला देखभाल करणारा एक वयस्क गृहस्थ जवळ आला. मराठी ऐकून त्याची कळी खुलली.

“आपण कुठले?”

“केळापूरचा.”

“वा! अंबाबाईचे गाव. आमची बहीण तिकडेच दिली आहे.”

“नव्हे हो, कोल्हापूर नव्हे. केळापूर. यवतमाळ जिल्हा.”

“अस्सं. म्हणजे कापसाचा मुलूख.” थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “मग तुम्ही काही परके नाही. बाहेरच्या बागेत पूर्वी तुमचाच माल पडत असे.”

त्याचे म्हणणे खरे होते. चर्चच्या पुढ्यात आज जी हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे, तिथे पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचे उघडे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. चर्चला जाणाऱ्या मडमांच्या झग्यांना रुई चिकटत असेल! १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलवला गेला. आमच्या वऱ्हाडचा कापूस मुंबईला यायला सुरुवात झाली ती १८२५-२६ च्या सुमारास. पेस्तनजी नावाच्या पारशी पेढीने तो बैलांच्या पाठीवर लादून आणला. त्या आधी तो गंगेकाठी मिर्झापूरला जाई. आमच्या भागातले बंजारा तांडे हे काम करीत. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. तोवर एकेक बोंड बैलाच्या पाठीवरून घाट उतरून समुद्राला आले आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा नुसता पूर लोटला. १८६५ साली ती लढाई संपली, भाव कोसळले आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली. कापसाचा राजा प्रेमचंद रायचंद हाही त्यात बुडाला. पण त्याच्या देणगीतून त्याच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो आजही घड्याळ दाखवतो. त्या टॉवरचा आराखडा करणारा विलायतेतला सर गिल्बर्ट स्कॉट यानेच या चर्चपुढचे कारंजे आखले, आणि त्याचा खर्च दिला कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने. हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या साहेबाचा आराखडा, पारशाचा पैसा, ख्रिस्ताचे अंगण. मुंबई म्हणतात ती हीच.

ज्याच्या नावाचे हे देऊळ, त्या संत थॉमसविषयी एक जुनी आख्यायिका आहे. तो ख्रिस्ताचा शिष्य. इसवी सन ५२ मध्ये हिंदुस्थानात आला अशी परंपरा. त्याला गवंडीकाम येई, म्हणून गोंडोफारेस नावाच्या राजाने महाल बांधायला त्याच्याजवळ पैसा दिला. थॉमसने तो गोरगरिबांत वाटून टाकला. राजाने विचारले, “महाल कुठे आहे?” तो म्हणाला, “बांधून झाला आहे. पण तो तुला मेल्यावर दिसेल.” राजा अर्थातच संतापला. गोष्ट पुढे गोड होते. पण मी आपला कास्तकारांच्या गावचा मास्तर. मला वाटले, आमच्याकडच्या पैशाचे नेमके याच्या उलट झाले. पैसा गोरगरिबांकडून आला आणि महाल इथे, डोळ्यांना दिसतील असे झाले.

बाहेर पडता पडता त्या गृहस्थाने आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या मुंबईत अंतरे याच चर्चपासून मोजत. हा शून्य मैल. इथून एक मैल, दोन मैल असे कोरलेले काळे दगड शहरात अजून काही ठिकाणी सापडतात. नागपूरलाही झिरो माइलचा खांब आहे, तो मी लहानपणापासून पाहिलेला. म्हणजे आमच्या दोन्ही राजधान्यांत एकेक शून्य आहे. आम्ही आपले कायम कुठल्यातरी शून्यापासून इतके मैल! हेही सांगायला हवे की हे चर्च आता ज्या उत्तर भारत चर्चचे आहे, ते १९७० साली स्थापन झाले नागपुरातच. आणि २००४ साली इथल्या जीर्णोद्धाराच्या कामाचा युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत गौरव झाला. इमारत जुनी झाली म्हणजे पूज्य होत नाही. कोणीतरी तिची गळती काढावी लागते, चुना घोटावा लागतो, तेव्हा ती पुढच्याला पाहायला मिळते.

गावी परतल्यावर सातवीच्या वर्गात मी हे सारे सांगितले. मुलांना तोफेच्या गोळ्याचे छत फार आवडले. रामाजीची गोष्ट ऐकताना वर्ग गप्प होता. भिंतीवरच्या नावांविषयी सांगून झाले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती सहसा बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी, कापूस घरात यायचा होता आणि सावकाराचा माणूस दारात येऊन बसला होता, त्या दिवाळीत तिचा बाप गेला. कसा गेला, हे आमच्या जिल्ह्यात विचारण्याची पद्धत नाही.

“गुरुजी,” ती म्हणाली, “त्या भितीवर आपल्यावानी मानसायचं नाव हाये काय जी?”

मी सगळ्या पाट्या मनातल्या मनात पुन्हा वाचून काढल्या. “नाही,” मी म्हणालो. “मला आढळले नाही. रामाजीचेही आढळले नाही.”

“मंग थे कोठी लिवलं हाये?”

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नाही. वीस वर्षे मी मुलांना इतिहास शिकवला. गव्हर्नरांची नावे, लढायांची साले. पोरीने जे विचारले ते इतक्या सरळ होते की वर्गाला ते लगेच समजले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने दुकानातून दोनशे पानांची जाड वही आणली. ठरले असे : ज्याने त्याने आपल्या घरच्या एका गेलेल्या माणसाचे नाव लिहायचे, आणि त्याने केलेली एक गोष्ट. फक्त एक. आणि कसा मेला ते लिहायचे नाही. जिवंतपणी काय केले ते लिहायचे. ही अट त्या मुलीनेच घातली.

पहिल्या आठवड्यात तेवीस नावे आली. कोणाची आजी : चाळीस वर्षे गावातल्या बाळंतिणी सोडवल्या. कोणाचा पणजा : तांड्याबरोबर बैल घेऊन कापूस पोचवायला जाई. कोणाचा चुलता : जगदंबेच्या जत्रेत रात्रभर पाणी पाजी. एका मुलाने लिहिले, “आजोबांना हसता येत होते.” हे काम झाले का, अशी वर्गात चर्चा झाली आणि झाले असे ठरले. मुलीने बापाचे नाव लिहून पुढे लिहिले : “विहीर खोदली. पाणी बेचाळीस फुटांवर लागले. अजून आहे.”

आता दिवाळी आली आहे. पऱ्हाटीची बोंडे फुटून शेते पांढरी झाली आहेत. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायाबापड्या शेतात सीतादही करतील, दहीभाताचा घास धुऱ्यावर ठेवतील, आणि त्याच वेचणीतला चिमूटभर कापूस घरी आणून वळलेली वात संध्याकाळी पणतीत लागेल. या वातीला कोणत्या बाजाराचा भाव लागत नाही, म्हणून तिचा उजेड आम्हांला फार महाग वाटतो.

वहीचे आता काय करायचे, हा प्रश्न होता. शाळेच्या कपाटाला वाळवी आहे. आमच्याकडे संगमरवर नाही आणि पितळही नाही. तेव्हा मुलांनी पद्धत ठरवली : दरवर्षी सातवीतून जाणाऱ्या मुलांनी ती वही नव्या वहीत शाईने उतरून सहावीच्या हाती द्यायची. दगडाची डागडुजी करावी लागते, तशी वहीची नक्कल. पहिली नक्कल काढण्यापूर्वी शुद्धलेखन पाहावे म्हणून ती वही या सुटीत माझ्या घरी आली आहे. काल रात्री चाळताना, शेवटच्या लिहिलेल्या पानावर, त्या मुलीच्या अक्षरात एक नोंद दिसली :

“रामाजी कामती. मुंबई. आपल्या गावचा नाही. पण दुसऱ्याच्या देवासाठी शेवटपर्यंत उभा राहिला.”

शुद्धलेखनाची चूक त्यात एकही नव्हती. मी पान तसेच ठेवले आणि पणतीत तेल घालायला उठलो.